चुका दाखवल्या, तर माझे काय चुकले?

वाचकाचे पत्र

‘मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि सध्या मिरजेत राहते. मुलीच्या आग्रहामुळे आठ महिन्यांपूर्वी खाद्यपदार्थांवर मराठीतून लिहिणाऱ्यांच्या एका ऑनलाइन समूहात मी सामील झाले. तिथे जर्मनीत राहणाऱ्या एका सभासदाने आपल्या दिवंगत आजीच्या पुरणपोळीवर लेख लिहिला होता. लेख चांगला होता, पण त्यात “आणी”, “वेलचि”, “पूरण” अशा सतरा चुका होत्या. मी त्या क्रमांक घालून खाली लिहिल्या आणि सुरुवातीला “बाळ, तू मराठी शाळेत शिकलास ना?” असे विचारले. त्यावर एकाने “काकू, दिवे घ्या” असे लिहिले, दुसऱ्याने “इनो पाठवू का?” असे विचारले, त्याखाली पाच जणांनी “+१” लिहिले आणि लेखकाने “ओके.” एवढेच उत्तर दिले. आणखी एका बाईंच्या नावापुढे नुसते “प्रकाटाआ” असे लिहिलेले दिसते, त्याचा अर्थ माझ्याकडच्या कोणत्याही शब्दकोशात नाही. लेखाच्या शेवटी “क्रमशः” होते, पण महिना उलटला तरी पुढचा भाग आलेला नाही. मला अपमान झाल्यासारखे वाटते. अशा भाषेने मराठीचे नुकसान होत नाही का? ती मला शिकावी लागेल का? आणि चुका दाखवल्या, तर माझे काय चुकले?’

उत्तर

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. ज्यांनी ३१ वर्षे वर्गात मराठी शिकवली, त्यांना ‘बाई’ याशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारणे मला जमणार नाही. तुम्ही सर्वांत कठीण प्रश्न शेवटी ठेवला आहे, पण उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्यावर अवलंबून असल्यामुळे मी तिथूनच सुरुवात करते. तुम्ही दाखवलेल्या चुका खऱ्या होत्या. त्या दाखवण्याची जागा, वेळ आणि तुमचे पहिले वाक्य मात्र चुकले, आणि त्या तिघांत पहिले वाक्य सर्वांत जास्त चुकले.

वर्गात तुम्ही वही तपासत होता तेव्हा लाल शाईच्या खुणा तुम्ही आणि तो विद्यार्थी या दोघांनाच दिसत असत. फारच झाले तर शेजारच्या बाकावरचे कोणी डोकावून पाहत असेल. शिवाय ती वही तपासण्यासाठीच तुमच्याकडे आलेली असे. या सभासदाने तुमच्याकडे वही दिली नव्हती. त्याने परदेशातल्या आपल्या स्वयंपाकघरात बसून, गेलेल्या आजीची आठवण शब्दांत मांडली होती आणि ती ओळखी-अनोळखी अनेकांच्या समोर ठेवली होती. कोणी डब्यातून पुरणपोळी घेऊन घरी यावे आणि आपण घास घेण्याआधीच पोळीची फाटलेली कड दाखवावी, तसे ते झाले. कड फाटलेली असते हे खरे, पण डबा उघडताच बोलण्याची ती गोष्ट नव्हे. तुम्ही मला लिहिता की ‘लेख चांगला होता’. हे तीन शब्द तुम्ही त्याला लिहिले होते का? तुमच्या पत्रावरून तसे दिसत नाही, आणि मला वाटते की साऱ्या प्रसंगाचे मूळ तिथे आहे.

आता त्या पहिल्या वाक्याविषयी. ‘बाळ, तू मराठी शाळेत शिकलास ना?’ हे तुम्ही वर्गात म्हणाला असता तर तुमच्या डोळ्यांतली माया त्या मुलाला दिसली असती आणि आवाजाचा चढउतार त्याला कळला असता. पडद्यावर हे दोन्ही पोचत नाही, फक्त अक्षरे पोचतात. त्या अक्षरांत मायेची खूण नाही, प्रश्न मात्र आहे, आणि तो प्रश्न वेलचीच्या दीर्घ ईकाराविषयी नसून त्या माणसाच्या शाळेविषयी आणि संस्कारांविषयी आहे. त्यातच तुम्ही त्याला ‘तू’ म्हणालात. अशा ठिकाणी समोरच्याचे वय दिसत नाही. टोपणनावाआडचा माणूस वीस वर्षांचा असेल, तसाच तो पन्नाशीचा गृहस्थही असेल. म्हणून मराठी समूहांमध्ये हळूहळू एक चांगला रिवाज पडला आहे की अनोळखी माणसाला ‘तुम्ही’च म्हणावे आणि ‘मला अरे-तुरे केलेत तरी चालेल’ असे त्याने स्वतः सांगितल्यावरच ‘तू’वर यावे. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ही निवड करावीच लागत नाही. आपल्याला ती प्रत्येक वाक्यात करावी लागते, कारण आपल्या क्रियापदातच मान किंवा सलगी उतरलेली असते.

शुद्धलेखनाचेही थोडे बोलू, कारण ते तुमचे क्षेत्र आहे आणि त्याविषयीची तुमची कळकळ मला मनापासून मान्य आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडून ते १८ झाले, हे तुम्ही वर्षानुवर्षे शिकवले असेल. शब्दाच्या अंती येणारा इकार आणि उकार दीर्घ लिहावा, हा त्यांतला अगदी पायाचा नियम आहे आणि ‘आणि’ हा त्याला अपवाद आहे. म्हणजे ज्याने ‘आणी’ लिहिले त्याने नियम पाळला आणि अपवाद तेवढा विसरला. अशी चूक करणाऱ्याच्या कानात भाषा शाबूत असते, फक्त तिचा हात पुन्हा एकदा धरावा लागतो. तुमच्या आईची किंवा आजीची जुनी पत्रे घरात असतील तर ती काढून पाहा. त्यांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘घरांत’ असे अनुस्वार सापडण्याची शक्यता मोठी आहे, आणि ‘कवि’, ‘बुद्धि’ ही ऱ्हस्वान्त रूपेही सापडतील. ती पत्रे आजच्या नियमांनी तपासायला तुम्ही बसणार नाही, कारण त्यांत काय लिहिले आहे ते तुम्हाला अधिक मोलाचे वाटेल. त्या लेखाकडेही प्रथम तसे पाहायला हवे होते.

टंकनाची बाजूही लक्षात घ्यावी लागते. परदेशात राहणारी पुष्कळ मंडळी रोमन अक्षरे दाबतात आणि फोन त्यांची देवनागरी करून देतो. ऱ्हस्व की दीर्घ हे अनेकदा फोनच ठरवतो आणि लिहिणारा विचारांच्या ओघात ते स्वीकारून पुढे जातो. एकेकाळी देवनागरी उमटवणे फार कष्टाचे होते. तेव्हा मराठी माणसे रोमन लिपीत मराठी लिहीत, आणि त्यात ‘काल’ आणि ‘काळ’ यांतला किंवा ‘मन’ आणि ‘मण’ यांतला फरक उरत नसे. आजही तसे लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते त्यापेक्षा चुकलेल्या वेलांटीची देवनागरी शंभर पटींनी बरी.

मग चुका दाखवायच्याच नाहीत का? दाखवायच्या, पण खासगी निरोपातून, मजकुराविषयी दोन शब्द बोलून झाल्यावर, आणि ‘चालणार असेल तर एक-दोन सूचना करू का?’ असे विचारून. होकार आला तर सतराच्या सतरा पाठवा, मग तो माणूस त्या आनंदाने दुरुस्त करील. चुकीमुळे वाचणाऱ्याचे नुकसान होणार असेल, म्हणजे पाककृतीत प्रमाणच चुकले असेल किंवा एखाद्या पदार्थाने कोणाला अपाय होण्याची शक्यता असेल, तर मात्र ताबडतोब आणि सर्वांसमोर सांगावे. त्या वेळी संकोच करू नये. हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. अनेक वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी आपल्या गावच्या जत्रेचे वर्णन लिहिले होते आणि मी त्याखाली त्यांच्या अनुस्वारांची यादी दिली होती. त्यांनी ‘धन्यवाद’ असे लिहिले आणि त्यानंतर त्या ठिकाणी एक अक्षरही लिहिले नाही. ते वर्णन अपुरे होते. पालखी देवळातून निघाली होती, ती कुठे गेली हे आम्हा वाचणाऱ्यांना कधीच कळले नाही, आणि त्याचे कारण मी होते. त्या गोष्टीची टोचणी मला आजही आहे, म्हणूनच तुमचे ‘क्रमशः’विषयीचे वाक्य वाचून मी थांबले.

आता त्या शब्दांकडे वळू. ‘दिवे घ्या’ यात अपमान नाही. इंग्रजीत ‘लाइट’ म्हणजे हलके आणि ‘लाइट’ म्हणजे दिवाही. त्यावर श्लेष करून मराठी मंडळींनी ‘हे हलके घ्या, मनाला लावून घेऊ नका’ या अर्थी ‘दिवे घ्या’ असा प्रयोग रूढ केला. त्याचा उपयोग तोच आहे जो त्या हसऱ्या चेहऱ्याच्या चिन्हाचा. त्या चिन्हाची जन्मकथा तुम्हाला आवडेल. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ साली संगणकावरच्या सूचनाफलकावर कोणीतरी उद्वाहन (लिफ्ट) आणि पारा यांविषयी गमतीने काही लिहिले. ते काहींना खरोखरीची धोक्याची सूचना वाटले आणि गोंधळ झाला. गंमत कोणती आणि गंभीर काय हे ओळखू यावे म्हणून स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी १९ सप्टेंबर १९८२ रोजी सुचवले की गमतीच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि बंद कंस ही तीन चिन्हे लिहावीत, म्हणजे मान कलती करून पाहिल्यावर हसरा चेहरा दिसेल. आवाज ऐकू येत नाही तिथे आवाजाची सोय करावी लागते. ती गरज सगळीकडे सारखीच होती. आपल्याकडे तिच्यासाठी चिन्हांबरोबर दिवेही लावले गेले. ज्याने तुम्हाला दिवे घ्यायला सांगितले तो भांडण वाढू नये म्हणून मध्ये पडला होता, असे मला वाटते.

‘काकू’ या शब्दाबद्दल मात्र तुमची तक्रार रास्त आहे. चाळीत, वाड्यात, बसमध्ये ‘काकू’ ही आदराची हाक आहे. पण ऑनलाइन चर्चेत एखाद्या स्त्रीचे म्हणणे बाजूला सारण्यासाठीही ती वापरली जाते, मग त्या स्त्रीचे वय काहीही असो, आणि लिहिणाऱ्याने ती कोणत्या भावनेने वापरली हे बाहेरून कळत नाही. तुम्ही एकदाच, शांतपणे, ‘मला काकू न म्हणता नावाने किंवा ताई म्हणून हाक मारावी’ असे लिहा. सहसा लोक ऐकतात. ‘इनो पाठवू का?’ हा तर उघड टोमणा आहे. तुम्हाला मत्सराने जळजळ होते आहे, असा त्याचा अर्थ. तुमच्या मनात मत्सराचा लवलेशही नव्हता, त्यामुळे तो टोमणा अन्यायाचा होता, आणि तुमची चूक असली म्हणून तो योग्य ठरत नाही. त्याला उत्तर देऊ नका. पुन्हा असे झाले तर समूहाचे व्यवस्थापन पाहणाऱ्यांना कळवा. ते त्यांचे काम आहे. ‘+१’ म्हणजे ‘मीही याच मताचा’, आपण पूजेत नुसते ‘मम’ म्हणतो तसे. पण ते पाच ‘+१’ त्या टोमण्यासाठी होते की त्याच्या वरच्या ‘दिवे घ्या’साठी, हे तुम्हाला खात्रीने कळलेले नाही. अशा ठिकाणी उत्तरे एकाखाली एक साचत जातात आणि कोणाचे ‘मम’ कोणाला आहे याचा घोळ नेहमी होतो. पाच माणसे आपल्यावर हसली असे धरून तुम्ही महिनाभर दुःख करत असाल तर ते दुःख कदाचित निराधार असेल.

‘प्रकाटाआ’ हा शब्द तुमच्या मनात सर्वांत जास्त सलला आहे, आणि खरे सांगायचे तर त्या सगळ्या उत्तरांत तेच सर्वांत सभ्य उत्तर होते. त्याचा विस्तार ‘प्रतिसाद काढून टाकला आहे’ असा. त्या बाईंनी बहुधा रागाच्या भरात काही लिहिले असेल, नंतर त्यांना ते बरे वाटले नसेल, आणि त्यांनी ते पुसले. पण नुसते पुसले असते तर खाली कोणी त्यांना उत्तर दिले असल्यास ते अधांतरी राहिले असते, म्हणून इथे काही होते आणि ते मी मागे घेतले, एवढी प्रामाणिक नोंद त्यांनी ठेवली. बोललेला शब्द परत घेता येत नाही असे आपण म्हणत आलो आहोत. तो घेता येण्याची आणि घेतल्याचे सर्वांना सांगण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

राहिले ते ‘ओके.’ तुम्ही पत्रात त्यापुढचा पूर्णविरामही जसाच्या तसा उतरवला आहे, यावरून तुमच्या नजरेने काहीतरी टिपले होते हे नक्की. आपल्या मोडी कागदपत्रांत आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. पूर्णविराम, स्वल्पविराम इंग्रजीतून एकोणिसाव्या शतकात आले आणि ते मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्याआधी पत्र संपले हे कळावे म्हणून शेवटी मोर्तबाचा शिक्का उमटवत. शिवकाळातल्या पत्रांवर तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे दिसतात. फोनवरच्या संदेशात तो शिक्का आपोआपच उमटतो, कारण प्रत्येक संदेश आपापल्या चौकटीत बंद होऊन जातो आणि वाक्य संपल्याचे सांगण्यासाठी वेगळ्या चिन्हाची गरज राहत नाही. त्यामुळे एका शब्दापुढे मुद्दाम दिलेला पूर्णविराम तरुण वाचकाला तुटक, दार लावून घेतल्यासारखा वाटतो. अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना असे एका शब्दाचे संदेश वाचायला दिले होते, तेव्हा शेवटी पूर्णविराम असलेली उत्तरे विद्यार्थ्यांना कमी मनापासूनची वाटली. लांब, पूर्ण वाक्यांच्या मजकुराला हे लागू नाही. तिथे पूर्णविराम हवाच. पण त्या सभासदाचे ‘ओके.’ हे दुखावल्याचे उत्तर होते, असे मी धरून चालते. आणि याच न्यायाने तुमच्या बाजूचीही एक गोष्ट सांगते. आपल्या वयाच्या पुष्कळ जणींना वाक्याच्या शेवटी तीन टिंबे द्यायची सवय असते. ‘ठीक आहे...’ असे आपण सहज लिहितो, आणि वाचणारी तरुण मुलगी आपण रुसलो आहोत किंवा काही मनात ठेवले आहे असे समजते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे इंग्रजीसारखे सगळे मोठ्या अक्षरांत लिहून ओरडता येत नाही, त्याऐवजी आपल्याकडे तीन-चार उद्गारचिन्हे ओरडण्याचे काम करतात. तीही आवरलेली बरी.

अशा शब्दांनी मराठीचे नुकसान होते का, हा तुमचा पहिला प्रश्न. मला तसे वाटत नाही, आणि मराठीच्या शिक्षिकेला तर तसे मुळीच वाटू नये. तुम्ही मुलांना पत्रलेखन शिकवताना ‘सा. न. वि. वि.’ शिकवले असेल. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हे चार शब्द चार अक्षरांत बसवणाऱ्या माणसांनी भाषा बिघडवली असे आपण म्हणत नाही. ‘ता. क.’, ‘ह. मु.’, ‘मु. पो.’, ‘चि.’, ‘सौ.’ ही त्याच घराण्यातली मंडळी. तारेच्या काळात प्रत्येक शब्दाला पैसे पडत, म्हणून शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले होते आणि फॉर्मवर नुसता क्रमांक लिहिला की पलीकडे पूर्ण वाक्य पोचत असे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ‘पुढील लेखनास शुभेच्छा’ याचे ‘पुलेशु’, ‘पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत’ याचे ‘पुभाप्र’, ‘व्यक्तिगत निरोप’ याचा ‘व्यनि’, ‘हसून हसून पुरेवाट’ याचे ‘हहपुवा’ ही अक्षरे त्याच परंपरेने आली आहेत. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ साली सुरू झाले, पुढे अशी अनेक ठिकाणे निघाली, आणि तिथे देश-परदेशातल्या मराठी माणसांनी, देवनागरी टंकणे जिकिरीचे होते त्या काळात, रोज लिहून लिहून ही शब्दसंपत्ती घडवली.

ती घडवताना त्यांनी मराठीचीच हत्यारे वापरली, हे तर मला विशेष वाटते. इंग्रजीत ‘केवळ वाचण्याची स्थिती’ यासाठी असलेल्या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘रोम’ झाले, आणि त्याला आपला सप्तमीचा प्रत्यय लावून ‘मी सध्या रोमात आहे’ असे वाक्य तयार झाले. तुम्ही ‘व्यनितून कळवा’ म्हणा किंवा ‘पुलेशु देते’ म्हणा, शब्द मराठी व्याकरणाप्रमाणे चालतो आणि वळतो. पत्त्यांच्या खेळातला ‘झब्बू’ तर सरळ उचलला गेला. कोणी पोळीचे छायाचित्र टाकले की दुसरा त्यावर आपल्या पोळीचे छायाचित्र ठेवतो आणि ‘माझा झब्बू’ म्हणतो. समित्यांमध्ये बसून घडवलेले किती पारिभाषिक शब्द इतक्या सहजपणे लोकांच्या तोंडी बसले, याचा विचार तुम्हीच करून पाहा.

अर्थात प्रत्येक ठिकाणी संक्षेप शोभत नाही. कोणी गेल्याची बातमी येते आणि खाली ‘भापूश्र’ अशी अक्षरे रांगेने दिसू लागतात, तेव्हा मला वाईट वाटते. ज्याचे माणूस गेले आहे त्याच्यासाठी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द पूर्ण लिहिण्याइतका वेळ आपल्याकडे असायला हवा, आणि खरे तर त्याहून एखादे आपले वाक्य अधिक लिहायला हवे. नवख्या माणसाशी बोलतानाही संक्षेप टाळावेत. तुम्हाला न कळणाऱ्या शब्दांत उत्तरे देणाऱ्यांनी निदान एकदा अर्थ सांगायला हवा होता. ती त्यांची चूक आहे आणि ती मी झाकणार नाही. जोडलेल्या हातांच्या चिन्हाचेही तसेच. आपल्याकडे ते नमस्कार, आभार, विनंती, क्षमा आणि श्रद्धांजली या सर्वांसाठी चालते, त्यामुळे ते एकटे पाठवले तर पुढच्याला अंदाज बांधत बसावे लागते. त्याच्यासोबत एक शब्द लिहावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ही भाषा वाचता येण्याइतकी शिका. लिहायची मुळीच सक्ती नाही. इंटरनेटवरील शिष्टाचाराचा एक जुना दस्तऐवज ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅली हॅम्ब्रिज यांनी तयार केला होता. त्यात नव्या सभासदाला सांगितले आहे की काही लिहिण्यापूर्वी एक ते दोन महिने नुसते वाचावे, आणि भावनेच्या भरात लिहिलेले उत्तर रात्रभर थांबून मग पाठवावे. तीस वर्षे झाली, पण या दोन गोष्टींपेक्षा चांगले मला अजून कोणी सांगितलेले नाही. तुम्ही मात्र तुमच्या पूर्ण वाक्यांत, तुमच्या शुद्ध मराठीतच लिहा. ‘पुलेशु’च्या रांगेत कोणी ‘तुमचा लेख वाचून मला माझ्या सासूबाईंचे पुरण वाटणे आठवले’ असे लिहिले तर ते वाक्य लेखक जपून ठेवतो. शुद्ध लिहिलेले सतत डोळ्यांपुढे येत राहिले की वाचणाऱ्यांच्या वेलांट्याही आपोआप सुधारतात. यादी देऊन जे साधले नाही ते तुमच्या रोजच्या लिहिण्याने साधेल, असे मी अनुभवाने सांगते.

समूह सोडू नका. आधी त्या सभासदाला खासगी निरोप पाठवा. मी साधारण असा मजकूर लिहिला असता, तुम्ही तुमच्या शब्दांत बदलून घ्या:

‘नमस्कार. तुमच्या आजींवरच्या लेखाखाली मी चुकांची यादी दिली आणि सर्वांसमोर तुम्हाला शाळेविषयी विचारले, त्याबद्दल मला वाईट वाटते. मी शिक्षिका होते आणि त्या सवयीने लिहून गेले. लेख मला आवडला होता हे आधी सांगायला हवे होते, ते राहिले. तुम्ही पुढचा भाग लिहावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या वेळी मजकूर आधी माझ्याकडे पाठवलात तर मी आनंदाने वाचून देईन, आणि नाही पाठवलात तरी मी तो वाचीनच.’

हे लिहिल्यावर मूळ लेखाखालीही दोन ओळी लिहा की यादी देण्यात माझी चूक झाली. लांब खुलासा नको. तुमचा तो जुना प्रतिसाद काढायचा असेल तर तसा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो, आणि त्या जागी काय लिहायचे ते आता तुम्हाला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट. तुम्ही तो लेख पुन्हा एकदा वाचा, पण यावेळी हातात पेन न घेता. पुरणपोळीवर लिहिणारा मुलगा कटाच्या आमटीविषयी काही बोलला आहे का, ते पाहा. नसेल बोलला, तर त्याला तेच विचारा: आजी कट काढताना डाळ किती शिजवत असत, आणि आमटीत चिंच घालत की आमसूल.

तुमची,
सदरलेखिका